साबणाची वडी कोणाच्या सोयीची?

दिवाळीच्या तोंडावर सांगली-मिरजेत बचत गटांची प्रदर्शने भरू लागली की पणत्या, आकाशकंदील आणि फराळाच्या पाकिटांशेजारी हाताने बनवलेल्या साबणाच्या वड्याही हल्ली हमखास दिसतात. कडुनिंब, हळद, केशर, बकरीचे दूध अशी नावे त्यांवर असतात आणि बहुतेक वेष्टनांवर ‘केमिकल फ्री’ हे शब्द ठळक छापलेले असतात. मी गेली अनेक वर्षे घरी साबण बनवते, आमच्या घरात तोच वापरला जातो आणि त्याची बाजू मांडायला मला मनापासून आवडते. म्हणूनच हे शब्द वाचले की मला वाईट वाटते. घरच्या साबणाचे जे खरे बळ आहे ते सांगायचे राहून जाते आणि जे त्याच्यात नाही, असू शकतच नाही, तेच त्याच्या नावावर खपवले जाते.

तेल आणि कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली यांच्या रासायनिक क्रियेतूनच साबण तयार होतो. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा ती जोडणी तोडतो, मेदाम्लांचे सोडियमचे क्षार बनतात आणि ग्लिसरीन मोकळे होते. त्या क्षारांनाच आपण साबण म्हणतो. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपले चरबीविषयक संशोधन १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले, तेव्हापासून ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. साबण कारखान्यातला असो, माझ्या स्वयंपाकघरातला असो किंवा सीरियातील अलेप्पो शहरातला ऑलिव्ह आणि लॉरेल तेलांचा प्रसिद्ध साबण असो, सोडा सगळ्यांना लागतो. माप बरोबर असेल तर तो क्रियेत संपून जातो आणि तयार वडीत सुटा सोडा राहत नाही. रसायन नको असेल तर डाळीचे पीठ, रिठा, शिकेकाई, उटणे असे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले चांगले मार्ग आहेत. परंतु तो साबण नव्हे.

मग घरच्या साबणात वेगळे काय आहे? माझ्या मते उत्तर असे आहे की साबणाची वडी घडवताना अनेक निर्णय घ्यावे लागतात (कोणते तेल, किती सोडा, ग्लिसरीन ठेवायचे की काढायचे, सुगंध किती, किती दिवस मुरू द्यायचे) आणि हे निर्णय कोणाच्या सोयीने घेतले जातात यावर वडीचा स्वभाव ठरतो. कारखान्यात ते यंत्राच्या, दूरच्या वाहतुकीच्या आणि दुकानातल्या फळीच्या सोयीने घेतले जातात. घरी ते अंघोळ करणाऱ्याच्या सोयीने घेता येतात. घरच्या साबणाचे जे काही आकर्षण आहे ते सारे यातून येते.

कारखान्याची रीत पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. आज बाजारातल्या बहुतेक वड्यांचा पाया पाम तेल आणि पामच्याच बियांचे तेल हा असतो आणि आपल्या देशात येणारे पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. कारण उघड आहे: ते स्वस्त आहे, बाराही महिने मिळते आणि त्यातून निघणारा साबण कडक होतो. या तेलापासून एक तर सोडा घालून साबण शिजवतात व मिठाच्या पाण्याने धुऊन त्यातले ग्लिसरीन वेगळे करतात, किंवा आधीच मोठ्या दाबाखाली वाफेने तेल फोडून मेदाम्ले व ग्लिसरीन वेगळे काढतात आणि मेदाम्लांना सोडा देतात. दोन्ही रीतींत ग्लिसरीन बाहेर निघते, कारण औषधे, सौंदर्यप्रसाधने, टूथपेस्ट अशा कितीतरी उद्योगांत त्याला साबणापेक्षा चांगला भाव आहे आणि ग्लिसरीन जास्त असलेला साबण यंत्रात चिकटतो. उरलेला साबण निर्वात यंत्रात वाळवून त्याच्या शेवयांसारख्या कांड्या करतात. त्यांना ‘सोप नूडल्स’ म्हणतात. पुष्कळशा उत्पादकांकडे साबणाची सुरुवातच या विकत घेतलेल्या कांड्यांपासून होते. त्यात रंग, सुगंध आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात, लाटण्यांच्या यंत्रातून मिश्रण पुन्हा पुन्हा काढतात, दाबून लांब पट्टी करतात, कापतात आणि ठसा मारतात. ही वडी वर्षानुवर्षे फळीवर राहिली तरी तिचा आकार मोडत नाही. तिच्यात कमी आहे ती एवढीच की तिच्याविषयीच्या कोणत्याही निर्णयात माझ्या त्वचेचा किंवा माझ्या नळाच्या पाण्याचा विचार झालेला नाही, आणि होणेही शक्य नव्हते.

या साबणांना मी कमी लेखत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला आणि ओसरल्यावर घराघरांत चिखल उरला, तेव्हा मदतीच्या पिशव्यांतून आलेल्या साध्या, स्वस्त वड्यांनीच हात धुतले गेले. कोणाचीही घरगुती खटपट इतक्या लोकांना इतक्या लवकर पुरी पडली नसती. आणि मोती साबणाच्या गोल वडीवाचून पहिली अंघोळ झाल्यासारखे न वाटणारी पिढी आमच्याही घरात आहे. त्या वासाशी निगडित आठवणींशी स्पर्धा करण्याची मला इच्छा नाही.

दुकानातून साबण घेतानाही वेष्टन वाचून घ्यावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगते. आपल्याकडच्या भारतीय मानकांनुसार ‘टॉयलेट सोप’चे तीन दर्जे आहेत. एकूण मेदांश, म्हणजे वेष्टनावर ‘टीएफएम’ म्हणून छापलेला आकडा, पहिल्या दर्जात किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६० असावा लागतो. याशिवाय ‘बाथिंग बार’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात हा अंश ४० टक्क्यांपर्यंत खाली चालतो आणि बाकीची जागा भरणद्रव्ये किंवा कृत्रिम फेनकारके घेऊ शकतात. दोन्ही वड्या एकाच फळीवर, एकाच रंगात आणि जवळपास एकाच किमतीत शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि फरक सांगणारी ओळ मुंगीच्या अक्षरांत मागे असते. मात्र हा आकडा म्हणजे सगळे काही नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ग्लिसरीन हा मेद नसल्यामुळे तो या मापात धरला जात नाही, आणि त्वचेला साबण सौम्य लागतो की रखरखीत, हे ठरण्यात ग्लिसरीनचा वाटा मोठा असतो.

आता घरच्या वडीकडे वळते. सांगलीत साबण बनवणाऱ्याला तेलाची वाण नाही. लाकडी घाणे आता गल्लोगल्ली पुन्हा सुरू झाले आहेत आणि शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरे या चारही तेलांचा ताजा वास तिथे मिळतो. परंतु साबणात प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा उतरतो आणि हे शिकण्यातच पहिला आनंद आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्लाचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे त्याचा साबण कडक होतो आणि भरभरून फेस देतो; पण एकटे खोबरेल वापरले तर त्वचा ओढल्यासारखी होते. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल अधिक असते, त्यामुळे वडी मऊ स्वभावाची होते, फेस थोडा आणि सायीसारखा दाट. एरंडेल थोडेच घालावे. तेवढ्यानेही फेस टिकतो. करडईचे तेल मात्र मी साबणात जपून वापरते. आपल्या भागाचे ते जुने, आवडते तेल असले तरी त्यातले लिनोलेइक आम्ल हवेने लवकर बिघडते, आणि तीन-चार महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उमटून खवट वास येतो. करंजाचे तेल गुणाने वाईट नाही, पण त्याचा उग्र वास न्हाणीघरात सगळ्यांना सोसत नाही. वडीला कडकपणा यावा म्हणून पाम तेलाऐवजी मी कोकमाच्या बियांचे घट्ट तेल घेते. ते कोकणातून घाट चढून येते, आमसुलाच्याच व्यापाऱ्याकडे कधी कधी मिळते आणि त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते.

माझे नेहमीचे माप सांगते. किलोभर तेलात ४५० ग्रॅम शेंगदाणा, ३५० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम कोकमाचे आणि १०० ग्रॅम एरंडेल. प्रत्येक तेलाला पूर्ण साबण होण्यासाठी लागणारा सोडा निराळा असतो. खोबरेलाच्या एका ग्रॅमला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याला ०.१३६, कोकमाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. बेरीज केली की १५१ ते १५२ ग्रॅम सोडा येतो. मी त्यातून पाच टक्के कमी करून १४४ ग्रॅमच घेते, म्हणजे तेलाचा थोडा अंश साबण न होता तसाच वडीत राहतो आणि सोडा शिल्लक राहण्याची भीतीही उरत नाही. या पाच टक्क्यांवर माझा फार जीव आहे. थंडीसाठीच्या वडीत मी तो अंश सात-आठ टक्क्यांपर्यंत नेते, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी होते आणि हातापायांना पांढुरके ओरखडे उठू लागतात. एकाच साच्यातून देशभर जाणाऱ्या वडीला ही सवलत देता येत नाही. याच मापात सुमारे ११० ग्रॅम ग्लिसरीन तयार होते आणि ते सगळे वडीतच राहते, कारण ते काढून घेण्याचे मला काही कारणच नाही.

सोडा पाण्यात मिसळणे हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि त्याविषयी मी कोणालाही सूट देत नाही. सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही, कारण मग मिश्रण उसळून अंगावर येते. मिसळताच पाणी आपोआप ८०-९० अंशांपर्यंत तापते आणि त्यातून घशाला झोंबणारी वाफ निघते, म्हणून खिडकीपाशी उभे राहावे. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे आणि घरातली मुले दुसऱ्या खोलीत असावीत. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्यावे. ज्याला आपण जर्मलचे पातेले म्हणतो ते अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि सोडा ते खाऊन हायड्रोजन वायू सोडतो. कल्हईच्या भांड्यालाही सोडा सोडत नाही. हातावर थेंब उडालाच तर भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे.

सोड्याचे पाणी आणि तेल दोन्ही चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आले की ते एकत्र करून घोटायला घ्यावे. सुरुवातीला पिवळसर, पातळ, तेलाचे डोळे दिसणारे मिश्रण असते. हळूहळू ते अपारदर्शक होत जाते, चमक मावळते, आणि एका क्षणी पळीतून सोडलेली धार लगेच बुडत नाही, पृष्ठभागावर तिची रेघ उमटून राहते. साबण बनवणारे याला ‘ट्रेस’ आला म्हणतात. यानंतर थांबून चालत नाही. सुगंधी तेल घालायचे तर आताच घालावे आणि साच्यात ओतावे. साचा टॉवेलात गुंडाळून ठेवला की आतली क्रिया वेग घेते, मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापते आणि मध्यभाग गडद, अर्धपारदर्शक होतो. दुसऱ्या दिवशी सुरीला हलका विरोध करेल इतकी वडी घट्ट झालेली असते. कापलेल्या कडेचा तो पहिला स्पर्श गार, किंचित ओलसर आणि अतिशय गुळगुळीत असतो. तो हाताला लागावा म्हणून मी कापण्याचे काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

सांगलीची गोष्ट निघाली की हळद आलीच. राजापुरी हळदीचे सौदे, हरिपूरची जमिनीतली पेवे, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन हे सगळे आपल्या अभिमानाचे विषय आहेत, त्यामुळे साबणात हळद घालण्याचा मोह इथल्या प्रत्येकाला होतो. मिश्रणात चमचाभर हळद पडताच ते पिवळे न होता विटकरी तांबडे होते. नवखा माणूस दचकतो, परंतु हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो हे लग्नघरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, आणि हळदीला चुना लावला की ती लाल होते म्हणूनच तर तिच्यापासून कुंकू बनवता येते. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते, एवढेच यामागचे कारण. पुढच्या आठवड्यांत वडी मुरते, सोडा संपतो आणि रंग उतरत उतरत उबदार केशरी, मग फिका पिवळसर होत जातो. उजेडात ठेवली तर आणखी लवकर. हा रंगबदल पाहण्यासारखा असतो आणि केवळ रंगासाठी मीही हळद घालते. मात्र तिचे औषधी गुण वडीत जसेच्या तसे राहतात, असे म्हणणे योग्य नाही. कर्क्युमिन अल्कलीत टिकत नाही, आणि अंगावर मिनिटभर राहून धुऊन जाणाऱ्या फेसाकडून तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. हळदीचा लाभ त्वचेला द्यायचा असेल तर ती दुधावरच्या सायीत किंवा डाळीच्या पिठात कालवून लावावी.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घरच्या साबणाची कसोटी तिथेच लागते आणि बहुतेक विक्रेते याबद्दल बोलत नाहीत. सांगली शहरात कृष्णेचे पाणी येते आणि त्यात साबण छान फेसाळतो. तोच साबण मी जतला आमच्या नातेवाइकांकडे पाठवला, तर फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि केस चिकट होतात, असा निरोप येतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा शेजारच्या सातारा जिल्ह्यातले माण-खटाव या कोरड्या तालुक्यांत बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. बाजारातल्या पुष्कळ वड्यांत हे क्षार बांधून ठेवणारे ईडीटीएसारखे द्रव्य घातलेले असते. घरच्या वडीत ते नसते, आणि म्हणून जड पाण्याच्या गावी ती हरल्यासारखी वाटते.

परंतु इथेच हाताने बनवण्याचा खरा फायदा कळतो. जतच्या पाण्यासाठी मी वेगळी वडी बनवते. खोबरेलाचा वाटा वाढवते, कारण त्याचा साबण जड पाण्यातच काय, समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. त्याच्या रखरखीतपणावर उतारा म्हणून मोकळ्या तेलाचा अंश पंधरा टक्क्यांच्या आसपास ठेवते. शिवाय ढोकळ्यात वापरतो ते लिंबूसत्त्व किलोमागे १० ग्रॅम घालते आणि ते स्वतः सोडा खाते म्हणून सोडा साधारण ६ ग्रॅम वाढवून घेते. लिंबूसत्त्वाचे सोडियम सायट्रेट होते आणि ते पाण्यातले कॅल्शियम काही प्रमाणात बांधून ठेवते. साका अगदी नाहीसा होत नाही, पण कमी होतो, आणि आता तिकडून वड्या संपल्या की लगेच मागणी येते. एका तालुक्याच्या पाण्यासाठी साबण बदलावा, हे कोणत्याही मोठ्या कारखान्याला परवडणारे नाही. माझ्या ओट्यावर ते एका दुपारचे काम आहे.

या संदर्भात म्हैसूर संस्थानाचे उदाहरण मला नेहमी महत्त्वाचे वाटते. पहिल्या महायुद्धात चंदनाची परदेशातली विक्री थांबली, लाकूड पडून राहिले, तेव्हा संस्थानाने त्याचे तेल काढून १९१६ साली बंगळुरूला साबणाचा सरकारी कारखाना सुरू केला. आपल्या मुलखातल्या मालाचा विचार करून कारखान्यातही साबण घडू शकतो, हे त्यातून दिसते. शेंगदाणा आणि करडई पिकवणाऱ्या आपल्या भागात असा साबण मोठ्या प्रमाणावर कोणी का काढला नाही, हा प्रश्न मला पडतो. त्याचे एक उत्तर किमतीत आहे. घाण्याचे शेंगदाणा तेल आज खाण्यासाठीच महाग झाले आहे, आणि ते साबणात घालताना मलाही दरवेळी मनाशी हिशेब करावा लागतो. म्हणूनच घरच्या वडीची किंमत बाजारातल्या वडीच्या कितीतरी पट असते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांनी पहिल्या दर्जाचा साधा टॉयलेट सोप निःसंकोच वापरावा.

प्रदर्शनात ‘हाताने बनवलेला’ म्हणून मिळणारा साबण प्रत्येक वेळी तेलापासून बनवलेला असतोच असे नाही. पुष्कळ जणी तयार साबणाचा पारदर्शक ठोकळा विकत आणतात, तो पातेल्यात पाणी ठेवून त्यावर वितळवतात, रंग, वास आणि फुलाच्या पाकळ्या घालून साच्यात ओततात. तासाभरात वडी तयार होते. त्यात कष्ट आहेत, कलाकुसर आहे, बचत गटाच्या बायकांना सुरक्षितपणे सुरुवात करण्यासाठी ती उत्तम रीत आहे आणि मी त्यांच्याकडून मुद्दाम खरेदीही करते. परंतु तो पाया कारखान्यातच बनलेला असतो. तेल कोणते, सोडा किती, हे निर्णय त्या बाईच्या हातात नसतात. तेव्हा वडी हातात घेऊन एवढे विचारावे की तुम्ही कोणती तेले वापरता, आणि वडी किती आठवडे मुरवता? तेलापासून साबण करणारी बाई या दोन प्रश्नांची उत्तरे न अडखळता देते, आणि उत्तर देताना तिचा चेहरा खुलतो. विकण्यासाठी साबण बनवायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतो, हेही या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मैत्रिणींनी आधीच समजून घ्यावे. ती अट जाचक वाटली तरी सोड्याशी खेळ असल्यामुळे ती मला योग्य वाटते.

त्वचेच्या तक्रारींबाबत मी फार जपून बोलते. साबण घरचा असो वा बाजारचा, तो अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू ९ ते १० च्या घरात असतो, तर निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास. इसब असलेल्यांना, तान्ह्या बाळाला किंवा त्वचारोगतज्ज्ञाने साबणाऐवजी दुसरे काही सुचवलेल्या माणसाला मी माझी वडी देत नाही. मात्र कोरड्या पण निरोगी त्वचेच्या माणसांना फरक जाणवतो, असा माझा अनुभव आहे. मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेली माझी भाची दिवसभर तिथल्या नियमाप्रमाणे हात धुते. घरी आल्यावर ती ही वडी वापरते आणि बोटांच्या पेरांवरच्या भेगा त्यामुळे कमी झाल्याचे सांगते. शेजारचे काका पहाटे उसाला पाणी देऊन येतात. ते फक्त एवढेच म्हणतात की अंघोळीनंतर अंग खाजत नाही. याला मी पुरावा म्हणत नाही. परंतु तेलाचा राखलेला अंश आणि न काढलेले ग्लिसरीन यांतून जे अपेक्षित आहे, त्याच्याशी हे जुळते.

मुरवण्याला सांगलीची हवा बहुतांशी अनुकूल आहे. कापलेल्या वड्या जाळीवर, एकमेकींना न चिकटतील अशा उभ्या ठेवून चार ते सहा आठवडे वाट पाहावी लागते. उरलासुरला सोडा पहिल्या काही दिवसांतच संपतो, पण पाणी हळूहळू उडत जाते, वडी हलकी आणि कडक होते, फेस सुधारतो. एप्रिल-मे महिन्यांत हे काम लवकर होते. पावसाळ्यात मात्र ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते आणि वडीला घाम सुटतो. महाबळेश्वरला राहणारी माझी मैत्रीण तर जून ते सप्टेंबर साबण करायला घेतच नाही. वापरतानाही हीच काळजी घ्यावी लागते. साचलेल्या पाण्यात ही वडी पडून राहिली तर चार दिवसांत तिचा लगदा होतो, म्हणून साबणदाणी भोकांची आणि उतरती असावी, आणि मोठी वडी असेल तर अर्धी कापून अर्धी कोरड्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवावी.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरची वडी हवी असेल तर पंचांगातच तिची सोय आहे. अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशीपर्यंतचे अंतर, अधिक महिना मध्ये आला नाही तर, दीड चांद्र महिन्याचे म्हणजे सुमारे सहा आठवड्यांचे असते, आणि वडीला पुरते मुरायला तेवढेच दिवस लागतात. त्यामुळे गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी तराजू आणि तेलाचे डबे ओट्यावर काढते. यंदा ज्या शेजारणींना शिकायचे आहे त्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून यावे आणि डोळ्यांसाठी चष्मा आणावा. मोजे माझ्याकडे आहेत.